सिरियम-निकेल-टिन संयुग: एनएमआरमध्ये (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादात) फट, म्हणजे इलेक्ट्रॉनांना अवस्था नसलेला ऊर्जेचा पट्टा, अर्धवट का दिसते?

रत्नागिरीकर: टिन-११९चा रिलॅक्सेशन दर (ढळलेले अणुकेंद्रीय स्पिन पूर्वस्थितीला येण्याचा वेग) १० केल्विनखाली पूर्ण फट असल्यासारखा घातांकी उतरत नाही, तापमानाच्या घनाप्रमाणे उतरतो. नमुना खराब आहे का?

वेंगुर्ला_लॅब: नाही, तो या संयुगाचा स्वभावच. फट व्ही-आकाराची आहे, तळाशी थोड्या अवस्था उरतात. आणखी खाली दर तापमानाच्या समप्रमाणात गेला, तर त्या अवस्थांचाच पुरावा. अशुद्धीने मात्र हा समप्रमाणातला भाग फुगतो.

रत्नागिरीकर: सिग्नलही क्षीण आहे.

वेंगुर्ला_लॅब: भुकटी बारीक करून पॅराफिनमध्ये मिसळा. कण चिकटले की रेडिओलहरी आत शिरत नाहीत. पावसाळ्यातल्या दमट हवेत भुकटी उघडी ठेवूच नका. आर्गॉनमध्ये नळी सील करा.

अलिबाग_स्पिन: जोरदार चुंबकीय क्षेत्र फट बुजवतं, म्हणून दोन-तीन क्षेत्रांत मोजाच. शून्य क्षेत्रात टिन निरुपयोगी, कारण त्याच्या अणुकेंद्राचा स्पिन १/२, त्यामुळे एनक्यूआर (बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राशिवाय होणारा अणुकेंद्रीय अनुनाद) मिळत नाही. तिथे याच जातीचं सिरियम-रोडियम-अँटिमनी घेऊन अँटिमनीवर एनक्यूआर करा.