विकतच्या सिनेमाची व्हीएचएस कॅसेट कुठल्या कारखान्यात भरली, कसं ओळखायचं?

रिळवेडा: मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, गॅरेज सेलमधून जुन्या कॅसेट उचलतो. एकाच सिनेमाच्या दोन मिळाल्या. खोका तोच, स्टुडिओ तोच, पण एकीच्या आतल्या, टेप गुंडाळायच्या चकत्या पांढऱ्या, दुसरीच्या काळ्या. कॉपी काढणाऱ्याचं नाव कुठंच नाही. कुठं बघू?

फुकटफौजदार: चित्र दिसतंय ना? मग कोणी का भरेना!

पॅनकेककाका: फौजदार, तुम्ही झोपा.

रिळवेडे, मी या धंद्यात शिफ्टा केल्यात. खोक्यावरचं नाव विकणाऱ्याचं, भरणारा बहुधा वेगळाच. तुम्ही राहता तिथंच तर हे सुरू झालं. फार्मिंग्टन हिल्सची मॅग्नेटिक व्हिडिओ मुळात कॉप्या काढणारी कंपनी. आंद्रे ब्ले यांनी १९७७ मध्ये फॉक्स या सिनेमा स्टुडिओकडून ५० सिनेमांचे हक्क घेतले, आणि भरणारा नि विकणारा एकच झाला. १९७९ मध्ये फॉक्सनं कंपनीच घेतली. पुढं मोठं काम कॉप्या काढणाऱ्या इतर कंपन्यांकडे, म्हणजे इलिनॉयच्या नॉर्थब्रुकमधल्या रँककडे, कॅलिफोर्नियातल्या कॅमारिलोच्या टेक्निकलरकडे, असं जाऊ लागलं. मागणी दांडगी असली की एकाच सिनेमाचं काम दोघांत वाटलं जाई. तुमच्या दोन कॅसेट तशाच असतील.

चकत्यांवर जाऊ नका, कॅसेटची रिकामी कवचं बाहेरून विकतही घेत. कॅसेटची कड आणि पुढचं झाकण उजेडात तिरपं धरा. ठिपक्याठिपक्यांचा इंकजेट शिक्का दिसेल, बोटानं घासू नका, उडतो. त्यात सलग तीन आकडे ३६६ च्या आत असले तर बहुधा वर्षातला कितवा दिवस ते असतं. बाकीचं लाइन, शिफ्ट, ज्याची त्याची पद्धत. कारखाना नक्की ठाऊक असलेल्या कॅसेटशी शिक्क्याची मांडणी जुळवायची, दुसरा राजमार्ग नाही.

जुनीटेप: काका, दोन तासांचा सिनेमा भरायला दोन तासच लागत ना?

पॅनकेककाका: ताई, आधी तसंच. एक मास्टर, म्हणजे मूळ टेप, चालू आणि मांडण्यांवर रेकॉर्डरांच्या रांगा, छतापर्यंत. उकाडा विचारू नका. मग सोनीचं स्प्रिंटर नावाचं यंत्र आलं. त्यात मास्टरवर उलटं, आरशातलं चित्र. कोरी टेप त्याला चिकटवून चुंबकीय क्षेत्रातून काढली की चित्र उतरलं. ओटारीच्या यंत्रात क्रोमियम डायऑक्साइडची टेप लेसरनं तापवत. हे सगळं कवचाबाहेर, मोठ्या पॅनकेकवर, म्हणजे टेपच्या भल्यामोठ्या उघड्या गुंडाळीवर. एकामागून एक तोच सिनेमा, मध्ये खुणेचा सूर. लोडर नावाचं यंत्र तो सूर ऐकून टेप कापायचं आणि कवचात भरायचं. कापणं जरा पुढं सरकलं तर सूर शेपटीत उरायचा, कधी पुढच्या कॉपीची सुरुवातही.

रिळवेडा: पांढऱ्या चकत्यांवाल्या कॅसेटच्या झाकणावर २७३ आहे! काळीवर शिक्का दिसत नाही.

पॅनकेककाका: २७३ म्हणजे ३० सप्टेंबर, लीप वर्ष असेल तर २९. नाताळचा माल तेव्हाच भरत. आता काळी शेवटपर्यंत पळवा, नावं संपल्यावरही बंद करू नका, आवाज मोठा ठेवा. सूर आला तर ती पॅनकेकवरची. नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही, लोडरवाला हुशार होता एवढंच.