प्रायव्हेट शाळेची फी सरकार भरतं का? नणंदेचं अमेरिकेतलं खातं आणि आपलं आरटीई

विक्रोळीची_आई
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. मुलगी सीनियर केजीत आहे, जूनला पहिलीत जाणार. परवा शाळेने ग्रुपवर फीचं सर्क्युलर टाकलं, पहिलीची फी ६२ हजार, बस वेगळी, पुस्तकं वेगळी. मिस्टर कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, कन्नमवार नगरला भाड्याने राहतो, त्यात हे कुठून आणायचं. नणंद ॲरिझोनात असते, ती म्हणाली तिकडे सरकार मुलाच्या नावाने वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास खात्यात टाकतं, त्यातून तिने मुलाची प्रायव्हेट शाळेची फी भरली. मला रात्रभर झोप नाही आली. आपल्याकडे असं काहीच नाही का? आम्ही ओबीसी आहोत, मिस्टरांचं जातीचं सर्टिफिकेट आहे.

घाटकोपर_पश्चिम
ताई, आहे. फक्त पैसे आपल्या हातात येत नाहीत, सीट मिळते. शिक्षण हक्क कायदा (आरटीई म्हणतात तो हाच) २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्यात विनाअनुदानित प्रायव्हेट शाळांनी २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना फुकट द्यायच्या असं आहे, आणि त्यांची फी सरकार शाळेला परत देतं. महाराष्ट्रात एससी, एसटी, भटके विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना उत्पन्नाची अट नाही, ओपनवाल्यांना वर्षाला १ लाखाच्या आत लागतं. म्हणजे तुम्ही बसता त्यात. ऑनलाइन फॉर्म, मग लॉटरी.

दोन गोष्टी आधी बघा. एक, अल्पसंख्याक शाळा यात येत नाहीत, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना बाहेर काढलं, आणि मुंबईत कॉन्व्हेंट किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे. दोन, काही शाळांची एन्ट्री नर्सरीला असते काहींची पहिलीला, ज्यांची पहिलीला आहे तिथेच तुमच्या मुलीचा फॉर्म चालेल. घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी घेतात. ॲरिझोनाचं खातं आधी दिव्यांग मुलांसाठी होतं, २०२२ पासून सगळ्यांना खुलं झालं, त्यामुळे नणंदबाई बरोबर सांगतायत.

भांडुप_स्टेशन_रोड
भाडेकराराचं सांगते, कारण मी तिथेच पडले. लॉटरीत नाव लागलं, मेसेज आला, मी रडले अक्षरशः, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. फाइल घेऊन पडताळणीला गेले, मुलगा मांडीवर, पुढे चाळीसेक आया. बाईंनी कागद चाळले आणि भाडेकरारावर बोट ठेवलं, म्हणाल्या हा नोटरीचा आहे, रजिस्टर केलेला कुठेय. मालक रजिस्टर करायला तयारच नव्हता, त्याला टॅक्सची भीती, आम्ही पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या करून मोकळे झालो होतो. लाइट बिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी दोनदा नियम वाचून दाखवला, पण ॲडमिशन गेली ती गेलीच. तेव्हा ताई आजच मालकाशी बोला, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि ११ महिन्यांचा किंवा त्याहून जास्तीचा करार हवा, आणि तो फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा हवा. नंतर केलेला चालत नाही. भाड्याने राहणाऱ्यांचं मुंबईत सगळं इथेच अडतं, आणि ज्यांना गरज जास्त तेच भाड्याने राहतात.

पालिकेची_जुनी_शिक्षिका
२९ वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, म्हणून लिहिते. सरकार शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरतं, शाळेची फी कमी असेल तर तेवढेच. ६२ हजारवाल्या शाळेला ते कमी वाटतात, शिवाय तेही थकतात, मग राग मुलावर निघतो. पुढे फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर प्रायव्हेट शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन नाही. मुंबईत अशी जागा दाखवा जिथे १ किलोमीटरमध्ये पालिकेची शाळा नाही! पालक हायकोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती आली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द झाला. पुढे सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं. लोक भांडले म्हणून तुमचा हा फॉर्म आज आहे, हे लक्षात असू द्या.

आणि एक, प्रायव्हेट म्हणजे चांगली हे डोक्यातून काढा. आंध्रात कार्तिक मुरलीधरन आणि सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी खेड्यांत लॉटरीने व्हाउचर, म्हणजे प्रायव्हेट शाळेच्या फीची कुपनं, देऊन पाहिले. चार वर्षांनी व्हाउचरवाल्या मुलांचं तेलुगू आणि गणित सरकारी शाळेतल्या मुलांइतकंच निघालं, हिंदी मात्र बरीच पुढे, आणि त्या प्रायव्हेट शाळांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी. याचा अर्थ आमच्या शाळा वाईट असा नाही आणि त्यांच्या भारी असाही नाही. पालिकेने स्वतःच्या सीबीएसई, आयसीएसई शाळा काढल्यात, तिथेही लॉटरी लागते, तोही फॉर्म भरा. वर्गात जाऊन बसा पंधरा मिनिटं, वह्या बघा, लाल शाईने तपासल्यात का बघा.

मुलुंडचा_बाबा
माझा मुलगा आरटीईतूनच शिकला, यंदा आठवीत. शाळेचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षी सहलीचे २२०० मागितले, मी म्हटलं नाही जमणार तर सगळा वर्ग गेला आणि हा घरी, दप्तर लावून दाराशी बसला होता, मला अजून ते दिसतं. पण शिकवलं चांगलं, खोटं नाही बोलणार, इंग्रजी माझ्यापेक्षा फर्स्टक्लास आहे त्याचं. आता पुढे काय ते ऐका. कायदा आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी, ७० हजाराच्या वर, आणि दहावीच्या तोंडावर शाळा बदलायची म्हणजे मुलगा खचतो. आम्ही पाचवीपासून दर महिन्याला हजार बाजूला टाकतोय, तरी पुरणार नाहीत. तुमची मुलगी लागली तर पहिल्याच महिन्यापासून बँकेत आरडी, म्हणजे दर महिन्याची ठेव, सुरू करा.

अमेरिकेबद्दल एवढंच की तिकडे खातं घेतलं तर मुलाला सरकारी शाळेत न घालण्याचा करार सही करावा लागतो, दिव्यांग मुलाचे तिथल्या केंद्राच्या कायद्याचे हक्कही सोडावे लागतात, आणि प्रवेश द्यायचा की नाही ते शाळाच ठरवते. इथे निदान लॉटरीत नंबर लागल्यावर शाळेला नाही म्हणता येत नाही. मला तरी आपलंच जास्त पटतं, फक्त ते दहावीपर्यंत करायला हवं.

विक्रोळीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. शिक्षिका ताई, कोपऱ्यावरच्या पालिकेच्या शाळेत सोमवारी जाऊन येते, आजवर फक्त बाहेरूनच बघितली. भांडुपच्या ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, आमचा करारही नोटरीचाच आहे. आत्ताच मालकाला फोन केला, म्हणाला रजिस्टरचा खर्च तुम्ही करा. मी हो म्हटलंय. उद्या ब्लाउजचे चार पैसे येणार आहेत, त्यातूनच देते.