रस्ता वावराच्या मधून, विहीर पलीकडे. मोबदला कशाचा मागायचा?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं साडेतीन एकर वावर आहे. महामार्ग गावाबाहेरून वळवायचं ठरलं आणि तो नेमका आमच्या मधून आला. ४६ आर (जवळपास तेवढेच गुंठे) रस्त्यात जातात. उरतात दोन तुकडे. अलीकडे ६० आर, त्यात केळी. पलीकडे ३४ आर, त्यात विहीर. १९८७ साली आबांनी यारी लावून खोदलेली, ६० फूट.

मोजणीला आलेल्या साहेबांना आबांनी विचारलं, विहिरीचं काय? ते म्हणाले, "काका, विहीर तर तुमचीच राहतेय, तिचे पैसे कशाचे?" कागदावर बरोबरच आहे म्हणा. विहीर आमची, केळी आमची, मधला रस्ता सरकारचा. पाणी काय उडत येणार? आबा तेव्हापासून घरात एकच वाक्य बोलतात: "वावर ग्ये ते ग्ये, पन पानी कोठे लिखेल शे?"

राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम थ्री-एची, म्हणजे जमीन घेणार असं कळवणारी अधिसूचना दोन पेपरांत आली होती म्हणे. आमच्या गावात पेपर एकच येतो, तो तिसराच. हरकतीचे २१ दिवस गेले. थ्री-डी, म्हणजे जमीन घेतल्याची पक्की घोषणा, अजून निघालेली नाही. सातबाऱ्यावर केळी नाही, जिरायत दिसतं. रस्ता नको असं आमचं म्हणणं नाही. पण सरकारने किती घ्यावं आणि कसं घ्यावं, याला काही मर्यादा आहे की नाही?

जुना तलाठी:
मी ३१ वर्षं सज्जावर काढली, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमच्या सातबाऱ्यावर केळी नाही यात तुमच्या आबांची चूक कमी, आमच्यासारख्यांची जास्त. बांधावर न जाता मागल्या वर्षीचं पीक पुढे ओढायचं, ही खोड सगळीकडे होती. मीही केलंय. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आता शेतकऱ्यानेच मोबाईलवर नोंद करायची. तुम्ही केली नसेल तर या हंगामाची आजच करा.

बाकी पुरावा घरातच असतो. कृषिपंपाची वीजबिलं, ठिबकच्या अनुदानाची फाईल, केळीच्या काट्याच्या पावत्या, पीककर्जाचा उतारा. आणि संयुक्त मोजणीची नक्कल आधी हातात घ्या. जाणाऱ्या ४६ आरमध्ये तुमची पाईपलाईन पुरलेली असणार. ती त्यात दाखवलीय का बघा. माझा अंदाज, नसेल. जमिनीखालचं कोणी बघत नाही.

सातपुड्याचा पायथा:
राग मानू नका, पण दुसरी बाजू सांगतो. आमच्या पाड्यावरून बाळंतिणीला चोपड्याला न्यायचं तर काय हाल होतात ते आम्हाला विचारा. प्रत्येकाने "माझं वावर" म्हटलं तर रस्ता होणार कुठे? आणि दादा, एक विचारू का? ही जमीन तुमच्याकडे आली कशी?

तापीकाठ:
राग कशाला. आजोबा कूळ होते. कूळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने मालक झाले. म्हणजे हो, त्या वेळी सरकारने एकाची जमीन कायद्यानेच दुसऱ्याला दिली आणि तो दुसरा आमचा आजोबा. हे मी विसरलेलो नाही. पण आजोबांनी त्या कायद्याच्या कलम ३२-ग ने ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरली, शेवटचा हप्ता आजीच्या पाटल्या मोडून. ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र अजून पत्र्याच्या पेटीत आहे. न्यायाधिकरणापुढे मालकालाही बोलावलं होतं. आम्हाला निदान तेवढं तरी बोलवा.

धुळ्याचा वकील:
वरचं शेवटचं वाक्यच तुमची केस आहे.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला. तरी अनुच्छेद ३००-अ आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. नुसता कायदा दाखवला की झालं, असं मात्र नाही. २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे फोडून सांगितलं. नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी मोबदला, आणि प्रक्रिया वेळेत, नीट तडीला नेणं.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. २१ दिवसांची हरकत जमीन घेण्यालाच असते. ती गेली. विहिरीचा दावा थ्री-जीखाली, मोबदला ठरवताना करायचा, ती वाट अजून उघडी आहे. तिथे विहिरीचे पैसे मागू नका, मिळणार नाहीत. मागा ते उरलेली जमीन तुटल्याचं नुकसान. घेतलेल्या तुकड्यामुळे बाकीचं शेत तुटलं तर ते धरायचं, असं कलमातच आहे. ६० आर बागायतीचं जिरायत होतंय, हा फरक किती ते मांडा. भाव २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने, त्यात किमतीइतकीच दिलासा रक्कम वर.

थ्री-डी निघाली की मालकी लगेच केंद्राकडे जाते, याने लोक घाबरतात. पण ताबा रक्कम जमा झाल्यावरच, तोही ६० दिवसांची नोटीस देऊन. त्याआधी कोणी जेसीबी आणला तर फोटो काढा आणि मला नाही, प्रांताला (उपविभागीय अधिकाऱ्याला) लेखी द्या, पोच घ्या. निवाडा पटला नाही तर लवाद. लवाद बहुधा सरकारी अधिकारीच असतो. मला हे कधीच रुचलेलं नाही, पण कायदा तसा आहे.

शिंदखेड्यातल्या विखरणचे धर्मा पाटील जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्यायले आणि त्यातच वारले, तेही मोबदल्यावरूनच. आबांना एकटं कचेऱ्यांत फिरवू नका.

जुना तलाठी:
वकीलसाहेबांच्या जोडीला एक. रस्त्याखालून पाईप टाकून द्या, असा अर्ज आत्ताच करा. काम चालू असताना ते सोपं असतं. डांबर पडल्यावर कोणी फोडू देत नाही.

तापीकाठ:
आप्पा, तुमचा अंदाज खरा. नक्कल मिळाली, पाईपलाईन नाही. दोन्ही अर्ज लिहून झालेत, सोमवारी देतो. आबांना हे सांगितलं तर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो तर कुदळ घेऊन वावरात. रस्त्याच्या खुणादगडांच्या आत तीन ठिकाणी खणून पाईप उघडा केला आणि म्हणाले, "काढ फोटो."