पदवी अर्धवट सोडून एनबीएच्या ड्राफ्टला जाण्याची घाई कशासाठी?

रॅलेकर
नमस्कार. नोकरीनिमित्त गेली सहा वर्षे मी नॉर्थ कॅरोलायनात आहे. इथे आल्यावर क्रिकेट थोडे मागे पडले आणि कॉलेज बास्केटबॉलचे वेड लागले. ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग एकच हंगाम खेळला आणि जून २०२५ मध्ये ड्राफ्टमध्ये (एनबीएचे व्यावसायिक संघ नवे खेळाडू ओळीने निवडतात तो कार्यक्रम) डॅलसने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याने जावे हे मलाही पटते. माझा प्रश्न पस्तिसाव्या किंवा पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास ज्यांचे नाव घेतले जाते, त्या मुलांविषयी आहे. तीही दर वसंतात नाव नोंदवतात. आमच्याच राज्यातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात टिम डंकन चारही वर्षे राहिला, त्याने मानसशास्त्राची पदवी घेतली आणि तरीही १९९७ मध्ये तो पहिलाच निवडला गेला. मग इतरांना एवढी घाई का, आणि शाळेनंतर एकच वर्ष थांबण्याचा हा नियम आला कोठून?

जुना पॉइंट गार्ड
आधी नियमाचे सांगतो. पूर्वीचा नियम याहून कितीतरी कडक होता: शालेय शिक्षण संपून चार वर्षे लोटल्याशिवाय एनबीएत प्रवेशच नव्हता. मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेल्या स्पेन्सर हेवूडला सिॲटल संघाने त्याआधीच करारबद्ध केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ मध्ये त्याची सरशी झाली. त्यानंतर काही वर्षे ‘घरची आर्थिक अडचण’ दाखवून लवकर येण्याची सोय होती. १९७६ मध्ये ती अटही गेली. पुढे केव्हिन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) शाळेतून थेट आले. पण २००१ मध्ये क्वामे ब्राउनही तसाच आला होता, तोही पहिल्या क्रमांकावर, आणि त्याच्याकडून असलेली अपेक्षा कधीच पूर्ण झाली नाही. शाळकरी मुलांवर असे मोठे डाव लावणे संघांनाच नको होते. २००५ च्या वेतनकरारात ड्राफ्टच्या वर्षी किमान १९ वर्षे वय आणि शाळा संपून एक वर्ष, अशी अट आली. ते वर्ष कॉलेजातच काढावे असे मात्र कोठेही म्हटलेले नाही. लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात खेळून आला आणि २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

हिशेबनीस
घाईचे कारण पहिल्या पगारात शोधू नका, ते दुसऱ्या-तिसऱ्या करारात आहे. पहिल्या फेरीतल्या (म्हणजे पहिल्या तीसेक क्रमांकांच्या) खेळाडूचा पगार क्रमांकानुसार ठरलेल्या तक्त्यातून येतो. करार चार वर्षांचा असला तरी पहिली दोनच वर्षे पक्की असतात आणि पुढची दोन संघाच्या मर्जीवर. खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार देता येतो, ही मर्यादा लीगमधल्या वर्षांवर ठरते: सहा वर्षांपर्यंत संघाच्या वेतनमर्यादेच्या साधारण २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० आणि दहापासून ३५. एकोणिसाव्या वर्षी आलेला खेळाडू एकोणतिसाव्या वर्षी, ऐन भरात, वरच्या पायरीवर पोहोचतो. बाविसाव्या वर्षी आलेल्याला बत्तिशी गाठावी लागते आणि तोवर गुडघे कुरकुरू लागलेले असतात. शिवाय बाविशीच्या मुलाकडे संघ ‘हा आता आणखी किती वाढणार?’ अशा नजरेने पाहतात. डंकनचा दाखला म्हणूनच फारसा कामाचा नाही. पावणेसात फुटांच्या वरची उंची आणि तसे कौशल्य असलेल्या खेळाडूला थांबणे परवडते.

तुमच्या पस्तिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाच्या मुलाला हा तक्ता लागूच होत नाही, कारण दुसऱ्या फेरीत निवड झाली तरी कराराची हमी नसते. तरीही तो जात असे, कारण कॉलेजात शिष्यवृत्तीपलीकडे त्याला कायदेशीरपणे काहीच मिळत नव्हते. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले आणि २०२५-२६ पासून विद्यापीठे आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. परिणाम उघड आहे: २०२१ मध्ये कॉलेजची वर्षे पूर्ण होण्याआधीच, म्हणजे लवकर, नाव नोंदवणारे ३५३ होते, २०२५ मध्ये १०६. (२०२१ च्या आकड्यात करोनामुळे मिळालेल्या जादा वर्षाचाही हात होता, हे खरे.) कॉलेज खेळाडू याक्सेल लेंडेबोर्गचे नाव पहिल्या फेरीच्या काठावर घेतले जात होते, तरी २०२५ मध्ये त्याने ड्राफ्टमधून माघार घेतली आणि तो मिशिगन विद्यापीठात खेळायला गेला.

सांख्यिकीची मास्तरीण
मी येथील एका विद्यापीठात संख्याशास्त्राचे वर्ग घेते, तेव्हा एका खेळाडूला जवळून पाहिले आहे. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून तो शेवटच्या बाकावर पाय पसरून बसे, आणि मध्यंतरानंतर त्या बाकाखाली पाण्याचे थारोळे असे. एप्रिलमध्ये त्याने नाव नोंदवले तेव्हा मला वाटले, संपले याचे शिक्षण. पण नाव नोंदवणे म्हणजे जाणे नव्हे. नोंदवल्यावर संघ बोलावून कसरती घेतात, मोजमापे घेतात, कोणत्या क्रमांकाची आशा धरावी हे आडपडदा न ठेवता सांगतात, आणि ठरावीक मुदतीत नाव मागे घेतले तर कॉलेजातले खेळणे शाबूत राहते. हा मुलगा तीन संघांकडे जाऊन आला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा माझ्या वर्गात होता. कोणी काय सांगितले असे विचारले, तर म्हणाला, “डाव्या हाताने चेंडू नेता येत नाही.” पदवीचे म्हणाल तर ती नंतरही घेता येते: मायकेल जॉर्डनने १९८४ मध्ये कॉलेज सोडून १९८६ मध्ये ती पूर्ण केली, आणि २००९ मध्ये डेव्हिडसन सोडलेल्या स्टीफन करीने २०२२ मध्ये. मात्र ज्याची निवडच होत नाही आणि जो परदेशातल्या लीगमध्ये दरवर्षी नवा संघ शोधत फिरतो, त्याला परत वर्गात येणे किती जमते, याची मला शंका आहे.

रॅलेकर
सर्वांचे आभार. दुसऱ्या कराराचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. म्हणजे आता थांबण्यातच फायदा, असे समजायचे का?

हिशेबनीस
मधल्या फळीतल्या अमेरिकी मुलासाठी बहुतेक वेळा होय. परदेशी मुलाचे गणित वेगळे आहे, आणि आपल्यापैकी ज्यांनी विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर दिवस काढले त्यांना ते लगेच कळेल: त्या व्हिसावर कमाईला बंधने असल्याने शेजारच्या सहकाऱ्याला मिळणारा जाहिरातीचा पैसा त्याला सहजी घेता येत नाही. तरीही थांबणारे असतात: कॅनडाचा झॅक ईडी २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, ड्राफ्टला नाव देऊन परत फिरला आणि पर्ड्यू विद्यापीठात चौथे वर्ष खेळला. २०२४ मध्ये मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले.