मदत हवी आहे: बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपला बिझनेस क्रेडिट कार्ड, तीन ऑफरींपैकी कोणती घ्यावी?

उद्यमबाग_टर्निंग

नमस्कार मंडळी. प्रोप्रायटरी फर्म आहे, दोन सीएनसी मशीन, फाउंड्रीवाल्यांचं टर्निंगचं जॉब वर्क. जीएसटी नंबर २९ चा (कर्नाटक), रेग्युलर स्कीम. बँकेचं कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज) आहे, व्याज १०.५ टक्के. क्रेडिट कार्ड अजून एकही नाही.

महिन्याचा खर्च असा: कार्बाइड इन्सर्ट, ड्रिल, कूलंट मिळून ६०,००० (कोल्हापूर आणि पुण्याचे डीलर, पेमेंट लिंकवर कार्ड चालतं, जादा काही घेत नाहीत). हेस्कॉमचं वीज बिल ३८,०००. टेम्पोचं डिझेल १२,०००. ऑनलाइन जाहिरात आणि सॉफ्टवेअर ६,०००. पॅकिंग, कुरिअर, किरकोळ १४,०००, हे सगळं क्यूआरवर. जीएसटी भरणा सरासरी ४०,०००. शेडचं भाडं २२,०००. शिवाय राउंड बार (टर्निंगसाठीच्या धातूच्या गोल सळया) दीड लाखाचा. तो व्यापारी आरटीजीएस मागतो, कार्ड दिलं तर २ टक्के जादा लावतो.

हातात आलेल्या ऑफरी:

पहिलं कार्ड रुपेचं, यूपीआयला जोडता येतं, फी नाही. १०० रुपयांना १ पॉइंट, पॉइंटची किंमत २५ पैसे. सुरुवातीला २,००० पॉइंट.

दुसऱ्याची फी २,५०० अधिक जीएसटी, वर्षाला ४ लाख खर्च केला की पुढची फी माफ. १५० रुपयांना ४ पॉइंट. ९० दिवसांत दीड लाख खर्च केला तर १०,००० पॉइंट बोनस. पॉइंट बिलात वळते केले तर २० पैसे, विमान तिकिटाला ५० पैसे. वीज, इंधन, भाडं, सरकारी भरणा यांना पॉइंट नाहीत.

तिसऱ्याची फी ९९९ अधिक जीएसटी, माफी नाही. सरसकट १ टक्का कॅशबॅक, वीज बिलावरही, पण महिन्याला जास्तीत जास्त ५००. फी भरल्यावर १,००० चं व्हाउचर.

दुसऱ्या कार्डाचा एजंट म्हणतो, राउंड बार कार्डावर घ्या, बोनस एका महिन्यात निघेल. बरोबर आहे का? आणि कोणतं कार्ड घेऊ?

हिशेबवही

बोनसचा आकडा बाजूला ठेवा. आधी तुमच्या खर्चातला किती भाग पॉइंटाला धरला जातो ते काढू. डिझेल, जीएसटी, भाडं यांवर तिन्हीकडून जवळजवळ काहीच मिळायचं नाही. इंधनाला बहुतेक कार्डांवर १ टक्का सरचार्ज माफ होतो, तोही ठरावीक रकमेच्या व्यवहारालाच. माफी मिळाली तरी सरचार्जवरचा जीएसटी परत येत नाही. जीएसटी पोर्टलवर कार्डाने भरलं तर आकार लागतो आणि पॉइंट नाहीत. तो भरणा नेट बँकिंगनेच करा.

उरतात इन्सर्टचे ६०,००० आणि जाहिरातीचे ६,०००. दुसऱ्या कार्डावर हे ६६,००० म्हणजे १५० चे ४४० गठ्ठे, १,७६० पॉइंट, बिलात वळते केले तर ३५२ रुपये महिना. प्रत्येक व्यवहाराचे गठ्ठे वेगळे मोजतात, वरचे सुटे रुपये बुडतात, त्यामुळे १४० रुपयांच्या खरेदीला शून्य. तुमची बिलं मोठी असल्यानं फार फरक पडणार नाही.

तिसऱ्यावर ६६,००० आणि वीज ३८,००० टाकले तर हिशेबानं १,०४० व्हायला हवेत, मिळणार ५०० च. ही मर्यादा ५०,००० लाच भरते. म्हणून तिसऱ्यावर नेमके ५०,००० टाका: हेस्कॉमचे ३८,००० (दुसरं कार्ड यावर काही देतच नाही) आणि इन्सर्टचे १२,०००. उरलेले ५४,००० दुसऱ्यावर, म्हणजे १,४४० पॉइंट, २८८ रुपये.

वर्षाचा ताळा: तिसऱ्याचे ६,००० वजा फी ९९९, म्हणजे ५,००१. दुसऱ्याचे ३,४५६, आणि वर्षाचा खर्च ६.४८ लाख होत असल्यानं दुसऱ्या वर्षापासून फी माफ. मिळून ८,४५७ रुपये, दरवर्षी, बोनस न धरता. बोनसचे १०,००० पॉइंट बिलात वळवले की २,००० रुपये, आणि त्या पहिल्या वर्षी २,५०० फी आहेच. म्हणजे बोनस फीसुद्धा भरून काढत नाही. एजंट याच आकड्यावर कार्ड खपवतोय, म्हणून हे स्पष्ट सांगतोय.

फीवरचा १८ टक्के जीएसटी मी धरला नाही, कारण तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे आपल्या जीएसटी भरण्यातून वजा होतो. त्यासाठी बँकेकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदवलेला हवा. नोंदवल्यावर ती एंट्री जीएसटीआर-२बी (पोर्टलवरचं इनपुट क्रेडिटचं विवरण) मध्ये येते का ते पहिल्याच महिन्यात बघा.

आता राउंड बार. दीड लाखावर २ टक्के म्हणजे ३,००० जादा. त्यावर ४,००० पॉइंट, ८०० रुपये. कार्डामुळे पैसे उशिरा द्यावे लागतात, तेवढं कॅश क्रेडिटचं व्याज वाचतं हे खरं. सरासरी ३५ दिवस धरले तर १०.५ टक्क्यांनी १,५१० रुपये. बेरीज २,३१०. म्हणजे ६९० चा तोटा. अगदी बिलाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी घेऊन पूर्ण ५० दिवस मिळवले तरी व्याज २,१५८ आणि पॉइंटचे ८००, बेरीज २,९५८. तरीही ४२ रुपये खिशातून जातात. आरटीजीएस चालू ठेवा. बोनसच्या दीड लाखासाठी त्याची गरजही नाही, ६६,००० प्रमाणे ९० दिवसांत १.९८ लाख आपोआप होतात.

खडेबाजार

हिशेब पटला, एकच दुरुस्ती. दोन्ही कार्डांना एकाच आठवड्यात अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाला बँक सिबिल तपासते, पाठोपाठच्या दोन चौकश्या दिसल्या की दुसरीकडे नकार येण्याची शक्यता वाढते. त्यातून तुमचं हे पहिलंच कार्ड. आधी दुसरं घ्या, ९० दिवस सगळे ६६,००० त्यावर टाका, बोनस जमा झाला की तिसऱ्याला अर्ज करा. थांबण्याची किंमत म्हणजे महिन्याला ४३६ रुपये (हेस्कॉमवरचे ३८० आणि इन्सर्टच्या १२,००० वरचा ५६ चा फरक), एवढंच.

बोनस हुकतो तो असा. ९० दिवस पुष्कळ ठिकाणी कार्ड मंजूर झाल्या तारखेपासून मोजतात, कार्ड हातात पडलं त्या दिवसापासून नव्हे. पाकीट यायला दहा दिवस, पिन लावायला चार दिवस, तेवढे गेलेच. शेवटच्या दिवशी केलेली खरेदी बँकेत दोन-तीन दिवसांनी पक्की होते, ती धरत नाहीत. डीलरकडे परत पाठवलेल्या मालाची रक्कम वजा होते. ईएमआयमध्ये वळवलेली खरेदी बहुतेक ठिकाणी बाद. म्हणून ८० व्या दिवसापर्यंत दीड लाखाचा पल्ला गाठा. अर्जाच्या दिवशी अटींच्या पानाची पीडीएफ काढून ठेवा, कारण वेबसाइटवरच्या अटी नंतर बदलतात.

पहिलं कार्ड आत्ता नको. क्यूआरच्या १४,००० साठी ते बरं वाटतं, पण रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर फक्त व्यापारी क्यूआरला चालतं. आपल्याकडे पॅकिंगवाले, रिक्षा टेम्पोवाले पुष्कळजण स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर चिकटवतात, तिथं पेमेंट होतच नाही. आणि २,००० च्या वर छोट्या व्यापाऱ्यालाही चार्ज बसतो, म्हणून तो नको म्हणतो. सगळे १४,००० झाले तरी ०.२५ टक्क्यानं ३५ रुपये महिना.

शिनोळीकर

मधेच विचारतो, माफ करा. युनिट शिनोळीला, महाराष्ट्राच्या हद्दीत, म्हणजे जीएसटी २७ चा. घर बेळगावात, आधारवर बेळगावचाच पत्ता. बँकेनं कार्ड घरच्या पत्त्यावर दिलंय आणि फीवरचा जीएसटी कर्नाटकचा लावलाय. सीए म्हणतात क्रेडिट मिळणार नाही. खरं का?

हिशेबवही

खरं आहे. बँकेच्या सेवेचं पुरवठ्याचं ठिकाण बँकेच्या नोंदीतल्या ग्राहकाच्या पत्त्यावर ठरतं. नोंदीत बेळगाव असेल तर ठिकाण कर्नाटक, आणि तो कर २७ च्या नोंदणीला घेता येत नाही. बँकेला अर्ज देऊन फर्मचा शिनोळीचा पत्ता आणि २७ चा नंबर बिलिंगसाठी नोंदवून घ्या. कार्डाचं पाकीट कुठं यावं तो पत्ता वेगळा असला तरी चालतो. आपल्या सीमेवर ही चूक फार होते, चंदगड, निपाणी, कागल सगळीकडे. रक्कम १८०, ४५० अशी छोटी म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण त्याच कार्डावर मोठी खरेदी ईएमआयमध्ये वळवली की व्याजावर आणि प्रोसेसिंग फीवरही जीएसटी लागतो, तेव्हा हीच रक्कम हजारांत जाते.

टिळकवाडी

अर्ज भरताना आणखी एक बघा की. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. जुन्या बँक खात्यात बेलगाम, आधारवर बेळगावी, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्रावर आणखी तिसरंच स्पेलिंग असतं. नावांचंही तेच: एकीकडे गणपत, दुसरीकडे गणपती, कारण मधे कुठंतरी कन्नडातून इंग्रजीत लिहिलं गेलं. ऑनलाइन पडताळणीत हे जुळलं नाही की अर्ज अडकतो आणि सिबिलवर चौकशी मात्र उमटते. अर्ज टाकण्याआधी पॅन, आधार, जीएसटी आणि उद्यमवरचं नाव अक्षर न् अक्षर एक करून घ्या. महानगरपालिकेचा व्यापार परवाना कन्नडात असतो, तो एकटाच पुरावा म्हणून देऊ नका, जीएसटी प्रमाणपत्र सोबत जोडा. दोन वर्षांचे आयटीआर आणि करंट खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट तयार ठेवा.

उद्यमबाग_टर्निंग

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका. विमान तिकिटाला ५० पैसे मिळतात, मग बिलात २० पैशांनी का वळवायचे? आणि शेडचं भाडं, पगार कार्डावरून पाठवणारी ॲप आहेत, त्यांचं काय?

खडेबाजार

सांबरा विमानतळाहून वर्षाला दोन-तीन फेऱ्या खरोखर होत असतील तर ५० पैसे धरा, नाहीतर २० च. बँकेच्या पोर्टलवरचं भाडं आणि विमान कंपनीच्या साइटवरचं भाडं त्याच मिनिटाला शेजारी ठेवून बघा. पोर्टलवर तिकीट ४०० ने महाग असेल आणि पूर्ण रक्कम पॉइंटांनी भरता येत नसेल, तर ५० चे ३० पैसे कधी झाले कळत नाही. पॉइंट किती दिवसांत संपतात आणि वळवायला फी किती तेही वाचा. ९९ अधिक जीएसटी अशी फी असेल तर महिन्याला नव्हे, वर्षातून एकदाच वळवा. तिसऱ्या कार्डाच्या व्हाउचरलाही हेच लागू. ते दुकान बेळगावात नसेल आणि तुम्ही एरवी तिथं काही घेणार नसाल, तर १,००० ची किंमत शून्य धरा.

भाड्यासाठी ॲप १ टक्का किंवा जास्त आकारतं, पॉइंट मिळत नाहीत, वर काही बँका स्वतःची फी लावतात. सरळ तोटा. आणि पगार भाडं म्हणून दाखवून पाठवायचा प्रकार अजिबात करू नका. कार्ड न घेणाऱ्यांना मध्यस्थामार्फत बिझनेस कार्डावरून पैसे पाठवण्याची सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं थांबवायला लावली. त्यानंतर मार्च २०२४ च्या दुरुस्तीत बिझनेस कार्डाचा पैसा कशावर जातो यावर लक्ष ठेवणं बँकांना बंधनकारक झालं. संशय आला तर पॉइंट काढून घेतात, कार्डही बंद होतं.

हिशेबवही

टॅलीत कार्ड चालू देण्यांखाली स्वतंत्र खातं म्हणून उघडा. खरेदीच्या दिवशी डीलर नावे, कार्ड जमा. बिल भरलं की कार्ड नावे, बँक जमा. कॅशबॅक बँकेकडून येतो, डीलरकडून नाही, त्यामुळे खरेदीच्या इनपुट क्रेडिटला धक्का लागत नाही. तो इतर उत्पन्नात दाखवा.

एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलांपोटी १० लाख किंवा जास्त भरले (रोखीनं असेल तर १ लाख) की ती बँक आयकर खात्याला कळवते. दोन बँकांत विभागल्यावर तुमचे ६ लाख आणि ६.४८ लाख होतात, पण कळवलं तरी घाबरायचं कारण नाही, खर्च वहीत असला म्हणजे झालं. दुसऱ्याच्या मालासाठी आपलं कार्ड मात्र वापरू देऊ नका.

ऑटो डेबिट लावताना टोटल ड्यू निवडा, मिनिमम ड्यू नव्हे. एक महिना ६६,००० थकले तर ३.६ टक्क्यांनी २,३७६, त्यावर जीएसटी ४२८, एकूण २,८०४. दुसऱ्या कार्डाची जवळजवळ आठ महिन्यांची कमाई एका फटक्यात गेली. शिवाय थकीत असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. लेट फी तीन दिवस उलटल्यावरच लावता येते, व्याज मात्र सोडत नाहीत.

उद्यमबाग_टर्निंग

फाउंड्रीवाल्यांचं पेमेंट महिन्याच्या १० तारखेच्या आसपास येतं. बिल त्याच्या आधी पडलं तर अडचण होईल.

टिळकवाडी

बिलाची तारीख निदान एकदा बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. २४ तारीख मागा, म्हणजे भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १३-१४ ला येईल. इन्सर्टची मोठी ऑर्डर २५ ला टाकत चला. तारीख बदलल्यावर पहिलं बिल लहान किंवा मोठ्या मुदतीचं येतं. त्या महिन्यात ऑटो डेबिट नव्या तारखेला लागलंय का, ते ॲपमध्ये उघडून बघा.