सातवीच्या वर्गाला कोणत्या जाहिराती दाखवू?

वर्गशिक्षिका_सहकारनगर
पी.टी.च्या तासाला एका मुलाचा चेंडू जवळच पडला. लगेच त्याचा मित्र ओरडला, "पोरीसारखा काय टाकतोस!" मुलीही हसल्या, आणि मला त्यांचं हसणं जास्त लागलं. याच वर्गातली एक मुलगी सणस मैदानावर गोळाफेकीच्या सरावाला जाते. तिच्याइतकं लांब फेकणारा मुलगा वर्गात नाही!

शनिवारी जाहिराती दाखवून मुलांना बोलतं करायचंय. 'ऑलवेज' या सॅनिटरी पॅडच्या ब्रँडची २०१४ची 'लाइक अ गर्ल' नक्की केलीय. 'मुलीसारखं पळून दाखव' म्हटलं की मोठ्या मुली हातपाय वेडेवाकडे करत पळतात, लहान मुली मात्र जीव तोडून पळतात. म्हणजे मधल्या वर्षांत त्यांना हे कुणीतरी शिकवलं. पण ती इंग्रजीत आहे. आपल्याकडचं काही सुचवा. 'आई सगळं हसतमुखाने करते' छापाच्या नकोत. त्यात बाईची पूजा होते आणि भांडी तिच्याच वाट्याला राहतात.

धायरीकर
एरियलची २०१६ची 'शेअर द लोड'. मुलगी ऑफिसचा फोन, स्वयंपाक, लेकरू सगळं एकटी सांभाळतेय, नवरा टीव्हीसमोर. तिचे वडील हे बघतात आणि पत्र लिहून तिची माफी मागतात, कारण त्यांनीही घरात कधी कशाला हात लावला नव्हता. मग घरी जाऊन स्वतः कपडे धुवायला घेतात. माझे बाबा ही बघताना मधेच उठून गेले.

कॅडबरीच्याही दोन्ही दाखवा. १९९४च्या जाहिरातीत तो बॅटिंग करतो, ती मैदानात नाचत येते. २०२१मध्ये ती बॅटिंग करते, तो नाचतो.

नारायणपेठ_७०
कंपन्यांना माल विकायचाय, हेही मुलांना सांगा. 'फेअर अँड लव्हली'ने वर्षानुवर्षं गोरेपणावर नोकऱ्या मिळवून दिल्या आणि लग्नं जमवली. नाव बदललं ते २०२० साली. जाहिरात क्षेत्राच्या परिषदेने २०२२ साली आखून दिलेले नियमही वाचून दाखवा. बाई घर साफ करताना दाखवायला हरकत नाही, पण ते काम तिचंच आहे असं सुचवायचं नाही.

अपर्णा_काकू
व्हिस्परची 'टच द पिकल' विसरू नका गं. फ्रान्समधल्या कानच्या जाहिरात महोत्सवात २०१५ साली तिला मोठं पारितोषिक मिळालं. आमच्या घरी त्या चार दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावायची सोय नव्हती. सातवीतल्या मुली नेमक्या त्याच वयाच्या. मुलग्यांना मात्र बाहेर पाठवू नकोस, त्यांनीही ऐकायला हवं.

वर्गशिक्षिका_सहकारनगर
मनापासून आभार. कॅडबरीच्या दोन्ही पाठोपाठ दाखवीन, मधे एक शब्द न बोलता. लोणच्याचं मुख्याध्यापकांशी बोलते. मुलगे वर्गातच बसतील, काकू. नियमांवरून घरचा अभ्यासही सुचला: संध्याकाळी टीव्हीवरच्या जाहिराती बघायच्या आणि वहीत लिहायचं, कपडे कोण धुतं, गाडी कोण चालवतं, पैशांचं कोण समजावून सांगतं.