एकदा काढलेली प्रत पुरत नाही
वॉलेटची फाइल, म्हणजे बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या गुप्त चाव्या साठवणारी संगणकावरची फाइल, एकदा पेनड्राइव्हवर उतरवली की बिटकॉइन सुरक्षित, असे काही जण म्हणतात; ते मत मला अर्धेच पटते. सुरुवातीच्या काळात बिटकॉइनचा मूळ प्रोग्राम 100 चाव्या (पैसे खर्च करायला लागणारे गुप्त आकडे) आधीच तयार करून ठेवत असे आणि व्यवहारातील उरलेली रक्कम त्यांतल्याच एखाद्या नव्या चावीच्या पत्त्यावर वळवत असे. त्या चाव्या वापरून संपल्यावर पुढे बनलेल्या चाव्या जुन्या प्रतीत नसत, म्हणून त्यांवर जमा झालेली रक्कम जुन्या प्रतीतून परत मिळत नसे. शिवाय 2011 च्या सप्टेंबरपर्यंत त्या फाइलला सांकेतिक शब्दाचे संरक्षण देण्याची सोयच प्रोग्राममध्ये नव्हती, म्हणजे पेनड्राइव्ह ज्याच्या हाती, पैसा त्याचा.

चाव्या कागदावर छापून ठेवाव्यात, असाही उपाय सुचवला जातो; तो फ्लॅटमध्ये ठीक असेल. आमच्या यवतमाळकडच्या मातीच्या घरांत वाळवी सातबाऱ्यालाही सोडत नाही, तेव्हा तो कागद निदान घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा.